अधिवेशनाला गेलात, मग ठराव काय झाले?



काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण एका पक्षाच्या वार्षिक अधिवेशनाला गेलो होतो. पक्षाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे दुखणे एका पक्षाचे नाही. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवरून चार, अंबरनाथच्या बुवापाड्यातून पाच आणि बदलापूरहून दोन. पंधरा दिवस आधी वर्गणी काढली, निळे झेंडे शिवून घेतले, बॅनरवर नावे कोणाची आणि फोटो कोणाचा मोठा यावरून भांडणही केले. कल्याणला रात्रीची गाडी पकडली आणि जनरल डब्यात दाराजवळ बसून, भीमगीते म्हणत गेलो. उत्साहात काडीची कमी नव्हती.

परत आलो तेव्हा सकाळ होती. अंबरनाथ स्टेशनबाहेर चहाला थांबलो. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका बसले होते. झेंडे बघून म्हणाले, "काय रे पोरांनो, कुठून?"

"अधिवेशनाहून काका. लाखभर माणूस होता."

"बरं झालं. ठराव काय झाले?"

आम्ही एकमेकांकडे बघितले. एक जण म्हणाला, "साहेबांचं भाषण जोरदार झालं."

"भाषण झालं ते कळलं. मी ठराव विचारतोय."

अकरा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही. काकांनी चहा संपवला, पैसे दिले आणि निघून गेले. रागावले नाहीत, टोमणाही मारला नाही. पण तो प्रश्न आमच्या मागे लागला तो आजपर्यंत. आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले, वस्त्यांमध्ये काम करतो, लोकांना हक्क समजावून सांगतो. आणि दोन दिवस एका अधिवेशनात बसून तिथे काय ठरले हे आम्हालाच माहीत नव्हते. मग आम्ही तिथे कोण म्हणून गेलो होतो? सभासद म्हणून, की गर्दी म्हणून?

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे. त्यासाठी आपल्या चळवळीतल्या परिषदा आणि अधिवेशने पुन्हा वाचावी लागली.

सभा, मेळावा आणि अधिवेशन

आज आपण हे तीनही शब्द एकाच अर्थाने वापरतो. सभेत एक बोलतो, बाकीचे ऐकतात. मेळाव्यात माणसे भेटतात, ताकद दिसते. अधिवेशन म्हणजे निर्णय घेण्याची जागा. तिथे प्रतिनिधी असतात, विषय नियामक समिती असते, ठरावाला सूचक आणि अनुमोदक असतो, विरोधात बोलायचे असेल तर बोलता येते आणि शेवटी मत घेतले जाते. ठराव नसेल तर अधिवेशन म्हणजे मंडप घातलेली सभा.

आपल्या चळवळीची सुरुवातच ठरावांच्या परिषदांनी झाली. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, शाहू महाराज तिथे आले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय परिषद झाली. त्यानंतर १९२७ चे महाड. १९ आणि २० मार्चची पहिली परिषद आपण चवदार तळ्यासाठी लक्षात ठेवतो. पण त्या परिषदेची एक बारीक नोंद आम्हाला फार मोठी वाटते. जमलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. पाण्याच्या हक्काचा विचार करायला जमलेल्या लोकांना आधी पाणी विकत घ्यावे लागले. तिथे जाणारा माणूस 'कार्यक्रमाला' जात नव्हता. तो ठरवायला जात होता.

डिसेंबरची दुसरी परिषद तर त्याहून शिकण्यासारखी आहे. मुंबईहून बाबासाहेब आणि कार्यकर्ते 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून महाडला चालत गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे काय झाले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम आला होता. सत्याग्रह करायचा की नाही यावर परिषदेत चर्चा झाली. प्रतिनिधी उठून बोलले. जिल्ह्याच्या कलेक्टरलाही बोलू दिले गेले. सत्याग्रहाला तयार असलेल्यांची नावे लिहून घेतली, ती साडेतीन हजारांच्या वर गेली. एवढी माणसे तुरुंगात जायला तयार असताना बाबासाहेबांनी त्यांना कायद्याची बाजू समजावून सांगितली, सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला आणि तळ्याभोवती मिरवणूक निघाली.

इथे बारकाईने बघा. बाबासाहेबांना सरळ आज्ञा देता आली असती. लोकांनी ती ऐकलीही असती. तरीही आधी लोकांचे मत घेतले, नावे नोंदवली आणि मग आपले म्हणणे पटवून दिले. अनुयायाला पटवावे लागते, तो नुसता हाकायचा नसतो, ही शिकवण महाडच्या मंडपात आहे.

दोन महाडांच्या मध्ये बदलापूर

आपल्या भागातल्या तरुणांना बहुतेक हे माहीत नसते की महाडच्या या दोन परिषदांच्या मधल्या काळात, ३ मे १९२७ रोजी, बाबासाहेब बदलापूरला आले होते. निमित्त शिवजयंतीचे होते आणि उत्सवाचे अध्यक्ष बाबासाहेब होते.

ही घटना लहान समजू नका. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फोडली गेली होती, तळ्याचे 'शुद्धीकरण' केले गेले होते. त्यानंतर दीड महिन्यात त्याच माणसाला बदलापूरच्या शिवजयंतीत अध्यक्ष म्हणून बसवले गेले. महाडचा समाज आणि बदलापूरचा समाज वेगळा होता असे नाही. जिथे बोलणे झाले, निमंत्रण दिले गेले आणि ते स्वीकारले गेले, तिथे वेगळे काही घडू शकले. आज शिवजयंती आणि भीमजयंती अशा दोन गर्द्या एकमेकींसमोर उभ्या करण्याचे राजकारण चालते, तेव्हा बदलापूरकरांनी ही तारीख पाठ करून ठेवावी.

आमच्या वस्तीतल्या मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग स्टेशनवर याची पाटी का नाही?" त्याचा प्रश्न बरोबर आहे. पण ती पाटी लावा असा ठराव तरी आपण कधी कुठल्या अधिवेशनात मांडला आहे का?

मनमाडचे रेल्वे कामगार

कल्याणहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीत बसले की पुढे मनमाड लागते. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथे जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही, हा विचार त्यांनी इथे मांडला.

हा विचार आपण सगळे उद्धृत करतो. पण त्याचा पाया काय होता? रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. त्याला पोर्टरची जागाही मिळणे कठीण होते, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि अस्पृश्याचा हात तिथे चालत नसे. गिरणीतही चांगल्या पगाराचे विणकाम खाते त्याला बंद होते. म्हणजे मनमाडचा विचार आकाशातून आला नाही. रुळावर हातोडा मारणाऱ्या माणसाच्या तक्रारीतून तो वर आला. परिषदेचे काम हेच असते. खालची तक्रार वर जाते, तिला शब्द मिळतात, कारण सापडते आणि ती मागणी होऊन परत खाली येते.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला आणि स्वतंत्र मजूर पक्ष त्यात पुढे होता. परिषद फेब्रुवारीत आणि संप नोव्हेंबरात. ठराव कागदावर राहिले नाहीत, रस्त्यावर आले.

नागपूर १९४२

१८ आणि १९ जुलै १९४२ ला नागपूरला जी परिषद भरली, तिथे अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज होते. सत्तर हजारांच्या आसपास लोक जमल्याच्या नोंदी आहेत. युद्धाचा काळ, महागाई, प्रवासाची अडचण आणि जुलैचा पाऊस. भाड्याचे पैसे कुठून आणले असतील याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

पण आम्हाला आज गर्दीचा आकडा नाही, ठराव सांगायचे आहेत. क्रिप्स योजना नाकारली. अनुसूचित जातींच्या संमतीशिवाय कोणतीही राज्यघटना मान्य होणार नाही असे सांगितले. मग मागण्या मांडल्या: प्रांतांच्या अंदाजपत्रकात आपल्या शिक्षणासाठी वेगळी तरतूद, मंत्रिमंडळात आणि सरकारी नोकऱ्यांत प्रतिनिधित्व, स्वतंत्र मतदारसंघ आणि खेड्यांपासून वेगळ्या वसाहती. वाचायला पाच मिनिटे लागतात. पण त्या मंडपातून गावी परतलेल्या माणसाला कोणी विचारले असते की "ठराव काय झाले?", तर त्याच्याकडे उत्तर होते.

२० जुलैला तिथेच महिलांची परिषद झाली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. या बायकांनी काय ठरवले ते वाचून आजही थक्क व्हायला होते. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्वाला कायद्याने आळा हवा, गिरण्या आणि विडी कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा हवी, त्यांच्यावर देखरेखीला स्त्रियाच हव्यात, कायदेमंडळात स्त्रियांना जागा हव्यात. हिंदू कोड बिलाचा वाद देशभर पेटायच्या कितीतरी आधी आपल्या आज्या हे ठराव हात वर करून संमत करत होत्या.

आता आमच्या अधिवेशनातले सांगतो. आमच्यासोबत अंबरनाथच्या एक मावशी होत्या. त्या नगरपालिकेच्या सफाईच्या कामावर ठेकेदारामार्फत वीस वर्षे राबत आहेत. त्यांना ठेकेदारीबद्दल बोलायचे होते. गाडीत त्यांनी आमच्याकडून मुद्दे लिहून घेतले, रात्रभर पाठ केले. मंडपात तीन वेळा चिठ्ठी दिली. तीनही वेळा "ताई, वेळ कमी आहे, नेते यायचे आहेत" असे उत्तर आले. संध्याकाळी एकाने कागदावरून भराभर काहीतरी वाचले, "मंजूर आहे का?" असे विचारले आणि आम्ही सगळ्यांनी "मंजूर!" म्हणून आरोळी ठोकली. वाचले काय ते लाऊडस्पीकरच्या घरघरीत कळलेच नाही. मावशींनीही हात वर केला. परतताना ती चिठ्ठी त्यांनी पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.

यात दोष व्यासपीठाचा आहेच. पण तितकाच आमचाही आहे. आम्हाला घोषणा देता आल्या, पण अकरा जणांनी मिळून उभे राहून "या मावशींना दोन मिनिटे द्या" एवढे म्हणता आले नाही. शिस्त मोडेल, साहेब नाराज होतील असे वाटले. १९४२ च्या बायका असे गप्प बसल्या असत्या तर ते ठराव झाले असते का?

परळ १९४५: मजुरांसमोर टक्केवारी

काही जण म्हणतील, "सामान्य माणसाला ठराव आणि घटना काय कळणार? त्याला जोश हवा असतो." हा युक्तिवाद आपल्याच नेत्यांच्या तोंडून ऐकायला मिळतो तेव्हा फार लागतो. त्याला उत्तर म्हणून ६ मे १९४५ ची मुंबई बघा.

फेडरेशनचे अधिवेशन परळला भरले होते. परळ म्हणजे गिरणगाव. समोर बसलेले लोक कोण असतील ते सांगायला नको: गिरणी कामगार, गोदी कामगार, झाडूवाले, रेल्वेवाले. त्यांच्यासमोर बाबासाहेबांनी जातीय पेचावरचा तोडगा मांडला. हे साधे जोशाचे भाषण नव्हते. त्यात आकडे होते. मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदूंना ४० टक्के, मुसलमानांना ३२, अनुसूचित जातींना २०, शिखांना ४, भारतीय ख्रिश्चनांना ३ आणि अँग्लो-इंडियनांना १ टक्का जागा. कोणत्याही एका समाजाला एकट्याच्या बळावर राज्य करता येऊ नये, बहुसंख्याकाला अल्पसंख्याकांपैकी कोणाची तरी साथ घ्यावी लागावी, हा त्या आकड्यांमागचा हिशेब. बेरीज करून बघा, बरोबर शंभर येते.

बाबासाहेबांना वाटले नाही की मजुराला ही टक्केवारी झेपणार नाही. ज्याला गिरणीत पगाराचा आणि सावकाराच्या व्याजाचा हिशेब कळतो त्याला सत्तेचा हिशेबही कळतो, एवढा विश्वास त्यामागे होता. आज जो नेता म्हणतो की लोकांना फक्त जोश लागतो, तो लोकांचा अपमान करतो. आणि आपण जोशावर समाधान मानतो, तेव्हा आपणही स्वतःचा अपमान करतो.

मग हरलो कसे?

एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. ठराव इतके चांगले होते, तर १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा जवळपास धुव्वा का उडाला? १९५२ मध्ये खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून का पडले? सोलापुरातून पां. ना. राजभोज निवडून आले, पण एकूण पक्षाच्या हाती फार काही लागले नाही.

उत्तर असे, की संयुक्त मतदारसंघात आपली मते एकवटली तरी राखीव जागेवर कोण जाणार हे बाकीचे ठरवत होते. पुणे कराराची ही किंमत होती. पण निवडणूक हरणे म्हणजे ठराव हरणे नव्हे. स्वतंत्र मतदारसंघ मिळाले नाहीत. वेगळ्या वसाहती झाल्या नाहीत. नोकऱ्यांतले प्रतिनिधित्व मात्र घटनेत आले, शिक्षणाची मदत आली. नागपूरच्या परिषदेच्या त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या किंवा काडेपेटीच्या विमको कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालली, त्या सर्वांनी हा कायदा अनुभवला आहे. पुढे आठ तासांची पाळी करून आलेला बाप संध्याकाळी पोराला शिकवायला बसू लागला. आमच्यापैकी अनेकांची शिक्षणे त्या संध्याकाळांत झाली.

आणि जे ठराव अपुरे राहिले तेही वाया गेले नाहीत. ते मोजपट्टी आहेत. काय मागितले होते आणि काय मिळाले, हे त्यांच्यामुळेच मोजता येते. ज्या अधिवेशनात ठरावच होत नाही, त्या पक्षाला अपयशही मोजता येत नाही. कदाचित म्हणूनच ठराव नको असतात.

१९५६ नंतर

जुलै १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्या तीन महिने आधी, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारी शाळा सुरू केली. विद्यार्थी फक्त पंधरा. प्रकृती ढासळलेली असताना, धर्मांतराची तयारी चालू असताना त्यांना हे काम तातडीचे वाटले. लाखोंची गर्दी ज्यांच्या एका शब्दावर जमत होती, त्यांनी पंधरा जणांच्या वर्गावर वेळ खर्च केला. यातला अर्थ आपण अजून नीट वाचलेला नाही.

६ डिसेंबरला ते गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, अध्यक्ष पुन्हा एन. शिवराज. दोनच वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असा वाद होऊन फूट पडली. तरी त्याच पक्षाने भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर लाखोंनी अटक करून घेतली. मागणी स्पष्ट होती आणि जात ओलांडणारी होती: कसणाऱ्याला जमीन. ठरावातून आंदोलन कसे उभे राहते याचे ते मोठे उदाहरण.

नंतर गट वाढत गेले. १९९८ मध्ये एकत्र आल्यावर चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले: प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे. ती एकी टिकली नाही. प्रत्येक जण कारण वेगळे सांगतो. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्हाला एवढेच विचारायचे आहे की फूट पाडायची की नाही, युती कोणाशी करायची, हे कोणत्या अधिवेशनात सभासदांना विचारले गेले?

रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून एक कडू निष्कर्ष काढला होता. समतेसाठी लढणारा पक्षही मोठा झाला की मूठभरांच्या हातात जातो, कारण माहिती, पैसा आणि व्यासपीठ त्यांच्याकडे असते आणि सभासद कृतज्ञतेपोटी गप्प बसतो. एम. ए. ला हे वाचले तेव्हा युरोपची गोष्ट वाटली होती. अधिवेशनाहून आल्यावर आपल्याच वस्तीची वाटली. आणि बाबासाहेबांनी तर २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत इशारा दिलाच होता, की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आपण बुद्धाला शरण गेलो, ज्याने आपले सांगणेही तपासून घ्या म्हटले. मग नेत्याचे का तपासत नाही?

उत्साहाचे काय करायचे?

इथे कोणी असे समजू नये की आम्ही उत्साहाला नावे ठेवतो. उत्साह खरा असतो. एमिल दुर्खीमने लिहिले आहे की माणसे एकत्र जमली की एकट्यात नसलेले बळ त्यांच्यात येते. ठेकेदारासमोर खाली मान घालणारा माणूस निळ्या झेंड्याखाली हजारोंमध्ये उभा राहतो, तेव्हा त्याचा कणा सरळ होतो. हे बळ स्वस्त नाही. कोणाची तीन दिवसांची मजुरी बुडते, कोणी बायकोच्या बचत गटातून उसने घेतो. म्हणूनच ते नुसत्या आरोळीत जिरता कामा नये.

आपल्या तीन शहरांत प्रश्नांना तोटा नाही. उल्हासनगर हे लष्करी छावणीच्या बराकीत निर्वासित सिंधी बांधवांसाठी १९४९ मध्ये वसवलेले शहर. पुढे मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली आपली माणसे टेकड्यांवर आणि नाल्याकाठी राहिली. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये या शहरापुरता वेगळा कायदा झाला. पण झोपडीवाल्याच्या पायाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न त्याच्या डोक्यावर टांगलेलाच आहे. वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरात येईपर्यंत तिला रसायनांचा वास सुटतो. तिच्या काठी राहतो कोण, हे वेगळे सांगायला नको. बदलापूरला २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना उल्हास नदी माहीत आहे. औद्योगिक वसाहतीत ठेक्यावर राबणारे, नाल्यात उतरणारे, पहाटेच्या लोकलने मुंबईला घरकामाला जाणाऱ्या बाया. यातला एक तरी विषय आपण लिहून, सूचक-अनुमोदकाच्या सह्या करून कुठल्या अधिवेशनाला पाठवला आहे का?

आम्ही आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. नियम साधे आहेत, कोणालाही करता येतील.

अधिवेशनाला जायच्या आधी विहारात वस्तीची बैठक घ्यायची. त्यात बायका निम्म्या असतील असे बघायचे. वस्तीचा एकच ठराव, पण लेखी, आकड्यांसह तयार करायचा आणि पंधरा दिवस आधी पक्ष कार्यालयात देऊन पोच घ्यायची. जाणाऱ्यांपैकी निदान एक जण पावती फाडलेला सभासद असावा, म्हणजे "तुम्ही कोण?" या प्रश्नाला उत्तर राहील. मंडपात ठराव ऐकू आला नाही तर उभे राहून "पुन्हा वाचा" म्हणायचे. हे बेशिस्त नाही, ही सभासदाची शिस्त आहे. आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत त्याच विहारात हिशेब द्यायचा: काय मांडले, काय संमत झाले, कोण विरोधात बोलले, वर्गणीचे किती उरले.

पहिली बैठक आम्ही घेतली. वीस-बावीस जण आले. त्या मावशीही आल्या. पदराच्या गाठीतली जुनी चिठ्ठी त्यांनी आणली होती, अक्षरे पुसट झाली होती. आम्ही ती स्वच्छ कागदावर उतरवून घेतली: ठेकेदारी बंद करा, वीस वर्षे काम केलेल्याला कायम करा, हातमोजे आणि बूट द्या. सूचक म्हणून मावशींनी सही केली. अनुमोदक कोण, असे विचारल्यावर मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या काकांनी हात वर केला. ऑर्डनन्सवाले काका, तेच.

ते म्हणाले, "पाठवा. पण आल्यावर मी विचारणार आहे."

त्यांनी विचारावे. सगळ्यांनी विचारावे. तुमच्या गल्लीतून झेंडे घेऊन कोणी अधिवेशनाहून परत आले, तर गर्दी किती होती हे विचारू नका. ठराव काय झाले ते विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!